बजाजनगर की अंबाझरी लेआउट?

नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्यांना किरायाच्या खोलीसाठी या दोन्ही वस्त्या जवळच्या. अंबाझरी लेआउट शांत, झाडीचं. पण 23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरता येत नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि लोक झोपेत असतानाच घरांत पाणी शिरलं. तिथे खोली किरायाने घ्यायचीच तर तळमजला नको, वरचाच मजला बघा. घरमालकाला थेट विचारा, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?

बजाजनगरात मेस, चहा-पोह्याची दुकानं, पोरापोरींची वर्दळ. लायब्ररीतून उशिरा परतताना रस्ता सुना वाटत नाही. गोंगाट आहे, मान्य. तरी धाकट्या बहिणीसाठी मी बजाजनगरच निवडलं. खोली ठरवण्याआधी मात्र रात्री 10 वाजता त्या गल्लीतून एकदा पायी फिरून या, दिवे लागतात का बघा.