घरी बनवलेलं लाकडी फर्निचर : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या साध्या नकाशांवरून फेब्रुवारीत तीन वस्तू उभ्या केल्या. ओसरीसाठी ४ फुटी बाक, ४ बाय २ फुटांचं अभ्यासाचं टेबल आणि पुस्तकांची तीन खणांची मांडणी. आता नोव्हेंबर आहे. मधे मराठवाड्याचा एप्रिल-मे गेला, खोलीत कूलर लागला आणि बंद झाला, श्रावण-भादव्याची दमट हवाही येऊन गेली. लाकडी वस्तूबद्दल पहिल्या आठवड्यात मत देण्यात अर्थ नसतो, म्हणून नऊ महिने थांबून लिहीत आहे.

निकाल आधी सांगतो. बाक उत्तम. टेबल एका दुरुस्तीनंतर चांगलं. मांडणी नकाशात आहे तशी अजिबात बनवू नका.

नकाशाची मापं आणि आपली वखार

हे बहुतेक नकाशे अमेरिकन असतात. त्यात 'दोन बाय चार' लिहिलेलं असतं, पण त्या लाकडाचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच असतं. तिथे ते रंधून, वाळवून, ठरावीक मापात दुकानात मिळतं. आपल्या वखारीत दोन बाय चार मागितलं की करवतीतून निघालेलं खरखरीत दोन बाय चार मिळतं आणि घरी रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) जातं. म्हणजे पावणेदोन बाय पावणेचार. नकाशातला हिशेब इथेच बिघडतो: पट्ट्यांची लांबी त्यांच्या मापाने कापलेली, पाय आपल्या मापाचे, आणि चौकट अर्धा इंच मोठी होते. उपाय एकच, नकाशातली लांबी न कापता आधी पाय तयार करायचे, त्यांची खरी जाडी मोजायची आणि मग बाकीचं कापायचं.

वखारीत हिशेब घनफुटाचा. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटांत. तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. बाकासाठी कच्च्या मापाने सव्वा घनफुटाच्या आत लाकूड बसतं, गाठी आणि तुकडे धरून दीड घनफुटाच्या आसपास घ्या. कमी घेतलं की एक फळी कमी पडते आणि दुसऱ्या खेपेला तो रंग मिळत नाही.

कोणतं लाकूड? सागवान सगळ्यात निवांत, पण महाग. बाभूळ मजबूत, बैलगाडीला चालते तर बाकाला चालेलच. मात्र ओली बाभूळ वाळताना टोकांना फाटते आणि पटाशीची धार खाते. बाभळीत लोखंडी खिळा मारला की ओल लागताच भोवती काळा डाग पडतो, कारण तिच्यातलं टॅनिन लोखंडाशी धरतं. तिथे स्टेनलेसचे किंवा पितळी स्क्रू वापरा. पाइन हलका, रंधायला सोपा, शिकण्यासाठी ठीक. औद्योगिक वसाहतींतून भंगारात येणाऱ्या पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या पाटाचं) लाकूड घेत असाल तर त्यावरचा शिक्का वाचा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. दुसरं घरात आणू नका.

आणखी एक साठा आपल्याकडेच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) पट्ट्यात आणि इतरत्रही कित्येक माळवदाची घरं उतरवली गेली, अजूनही उतरतात. त्यांच्या तुळया, कड्या, चौकटी कित्येक दशकं वाळलेल्या असतात, वाक-पीळ जो यायचा तो येऊन गेलेला असतो. साध्या पैशात यापेक्षा शांत लाकूड मिळणं कठीण. फक्त करवत लावण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा नवी पाती घालवतो.

वाळलंय की नाही, हे ओळखायचं कसं

वखारीतलं लाकूड उघड्यावर पडलेलं असतं. ते थेट कापायला घेतलं की चूक तिथेच झाली. ज्या खोलीत वस्तू राहणार त्याच खोलीत, फळ्यांच्या मधे एक-एक इंचाच्या पट्ट्या घालून रचून ठेवा, हवा चारी बाजूंनी खेळू द्या, टोकांना पातळ फेविकॉल फासा म्हणजे ती आधी वाळून फाटणार नाहीत. लाकडातली ओल मोजायचा मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो: एक वीतभर तुकडा त्याच ढिगात ठेवून दर तीन दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. एक इंची पाइनला तीन आठवडे धरून चाला, ओल्या बाभळीला कितीतरी जास्त.

हवेचं गणित असं आहे. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना, लाकडातलं पाणी हळूहळू ४-५ टक्क्यांकडे उतरतं. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेला तेच १५-१६ टक्क्यांकडे चढतं. लांबीत यामुळे जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा फरक रुंदीत पडतो. दोन फूट रुंद पाइनच्या पाट्यात मे ते ऑगस्ट दोन-तीन सुतांचा फरक सहज दिसतो. नकाशात याबद्दल एक ओळ नव्हती.

बाक

तयार मापं: पाय सव्वादोन बाय सव्वादोन, उंची १७ इंच, चार नग. लांब पट्ट्या ३ बाय १ इंच, ४२ इंच लांब, दोन. आखूड पट्ट्या त्याच जाडीच्या, १० इंच, दोन. खालचा आडवा दांडा २ बाय १, ४२ इंच. बैठकीच्या तीन फळ्या ५ बाय १, ४८ इंच. बैठक जमिनीपासून १८ इंचांवर येते, मांडी घालून बसणाऱ्यालाही ठीक.

नकाशात सगळे सांधे स्क्रूचे होते. पट्टी-पायाचे सांधे कूस-खोबणीचे (पट्टीचं तासलेलं टोक म्हणजे कूस, ते पायातल्या खाचेत म्हणजे खोबणीत बसतं) केले आणि नऊ महिन्यांत एकही हललेला नाही. कूस एक इंच लांब, तीन सूत जाड. अडचण अशी की पायात दोन बाजूंनी येणाऱ्या कुसा आत एकमेकींना भिडतात. दोघींची टोकं ४५ अंशात तासली की मिटलं. खोबण कुशीपेक्षा अर्धं सूत खोल ठेवा, नाहीतर साठलेला फेविकॉल तळाला अडतो आणि सांधा पूर्ण बसत नाही. तो बसला नाही हे क्लॅम्प काढल्यावर कळतं, तोवर उशीर झालेला असतो. क्लॅम्प लावल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच ती काटकोनात आहे. मग रात्रभर हलवू नका.

खालचा दांडा दोन आखूड बाजूंच्या मधे असतो, तो नुसता स्क्रूने धरला तरी चालला.

बैठकीच्या फळ्यांमधली फट हा खरा मुद्दा. नकाशात एक सूत होती, ती दोन सूत केली. मेमध्ये ती जवळपास तीन सूत झाली, ऑगस्टमध्ये सव्वा सुतावर आली. एका सुताची ठेवली असती तर पावसाळ्यात जेमतेम पाव सूत उरली असती. मे महिन्यात बनवणार असाल तर तीन सूत ठेवा, ऑगस्टमध्ये बनवणार असाल तर एक सूत पुरे. महिना बघून फट ठरवायची, नकाशा बघून नाही.

फळी खालून धरताना प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. एक घट्ट, दुसऱ्याचं पट्टीतलं भोक लांबट. दोन्ही घट्ट आवळले तर ५ इंची फळी मधोमध फाटू शकते. स्क्रू ८ नंबरचे, दीड इंची. पट्टीत खालून खोलगट भोक पाडून त्यांची डोकी आत बसवायची, म्हणजे टोक बैठकीतून वर येत नाही. त्याआधी पाइनमध्ये अडीच मिलिमीटरचं आणि बाभळीत तीनचं भोक पाडून घ्यायचं. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू स्वस्त पडतात पण ते कडक पोलादाचे. बाभळीत शेवटच्या अर्ध्या वळशाला डोकं तुटून हातात येतं.

टेबल

इथे नकाशाने दगा दिला. वरचा पाटा सहा इंची चार पाइनच्या फळ्या चिकटवून केलेला, दोन्ही टोकांना आडवी फळी फेविकॉलने पक्की, आणि खालची चौकट चारी बाजूंनी स्क्रूने आवळलेली. पाटा आकसायला बघतो आणि आडवी फळी त्याला धरून ठेवते. एप्रिलच्या शेवटी एका टोकाकडून हातभर भेग पडली. टेबल कूलरच्या झोतात होतं हे आणखी वाईट: दिवसा ओली हवा, रात्री कूलर बंद, सकाळी पुन्हा कोरडं.

दुरुस्ती अशी. टोकाच्या आडव्या फळ्या कापून काढल्या, भेगेवरूनच करवत चालवून पाटा दोन तुकड्यांत केला, कडा रंध्याने सरळ करून पुन्हा चिकटवला. चौकटीला आतून, वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर चर पाडला आणि एल आकाराचे आठ लाकडी गुटके त्यात अडकवून पाट्याला खालून स्क्रू केले. गुटका चरात सरकतो, पाटा मोकळा फुगतो-आकसतो. चर पाडणं जमत नसेल तर लोखंडी एल-पट्टीची भोकं कानशीने लांबट करून वॉशर लावा, तेवढंही चालतं. सप्टेंबर धरून पुढे नवी भेग नाही. रुंदी मात्र दीड सुताने कमी झाली, करवतीने आणि रंध्याने जेवढं खाल्लं तेवढी.

टेबलाची उंची ३० इंच, गुडघ्यांना चौकटीखाली २४ इंच तरी मोकळं हवं. चौकटीच्या पट्ट्या ४ इंचांपेक्षा रुंद केल्या की मांडी घासते.

मांडणी

१८ मिलिमीटरचा प्लाय, ३ फूट रुंद खण, मधे आधार नाही. फळी पुस्तकांनी भरली की फूटभर लांबीला आठ-दहा किलो होतात. सहा महिन्यांत मधला खण दोन सूत वाकला. वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो; ३ फुटांऐवजी दीड फूट केलं तर तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मधे एक उभी फळी द्या, किंवा पुढच्या कडेला दीड इंच उभी पट्टी चिकटवा. ८ बाय ४ च्या एका शीटमधून हे बसतं. कापताना प्रत्येक करवतीला एक सूत धरा, दहा काप म्हणजे सव्वा इंच गेला.

प्लाय ओल्या भिंतीला टेकणार असेल तर आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) चा घ्या आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. पाणी तिथूनच आत जातं.

पॉलिश, फरशी, वाळवी

बाकाला जवसाचं तेल. घाण्यावरचं कच्चं तेल लावू नका, आठवडाभरानंतरही ते हाताला चिकटतं आणि धूळ धरतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घ्या, दोन पातळ हात द्या, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढा. पुसलेली चिंधी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवून किंवा बाहेर पसरून वाळवा. मेच्या उन्हात हे विशेष लक्षात ठेवा. टेबलाला लाखेचं पॉलिश दिलं होतं. गरम चहाच्या कपाने पहिल्याच आठवड्यात पांढरी कडी उमटली. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हवं होतं, दोन हात, मधे २२० नंबरचा काचकागद.

शहाबादी फरशी पाण्याने धुतली जाते आणि पायाचं कापलेलं टोक ते पाणी नळीसारखं ओढतं. पायांच्या तळाला फेविकॉलचे दोन थर आणि वर रबरी बूच. बूच नसलेल्या मांडणीच्या तळाला सप्टेंबरात बुरशी आली.

काळ्या मातीवर उभ्या घरात वाळवी फरशीच्या सांध्यातून येते. मागची बाजू भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवा, म्हणजे मातीची नळी वर चढताना दिसेल. सालीकडचं पांढरं लाकूड आधीच काढून टाका, घूण तिथेच पहिला लागतो. खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर तो झाडून गप्प बसू नका, वर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं शोधा आणि त्याच दिवशी सुईने औषध भरा.