फिक्सेटिव्हनं पांढरा रंग खाल्ला : सॉफ्ट पेस्टल, चौदा महिन्यांनंतर

सॉफ्ट पेस्टलच्या, म्हणजे खडूसारख्या मऊ रंगांच्या, चौसष्ट अर्ध्या कांड्यांचा सेट आणि फिक्सेटिव्हचा, म्हणजे चित्रावरची भुकटी गळू नये म्हणून मारायचा स्प्रे, दोन्ही मी मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी ऑनलाइन मागवले. रंग किती, डबा कसा, हे विक्रीच्या पानावर आहेच, ते पुन्हा लिहीत नाही. पहिल्या महिन्यात मी दोन्हींना पाच-पाच स्टार देऊन मोकळी झाले होते. त्यातले स्प्रेचे स्टार आज परत घेते, कारण माझं एक चांगलं चित्र त्यात गेलं.

मी 7 बाय 9 सेंटिमीटरची चित्रं काढते. नोकरी सांभाळून रात्री तेवढंच होतं, आणि हिशेबालाही ते परवडतं. कॅन्सन मी-तांत या पेस्टलच्या कागदाचा 50 बाय 65 सेंटिमीटरचा एक ताव नीट कापला तर एकोणपन्नास तुकडे निघतात. चित्र बिघडलं तर एकोणपन्नासावा हिस्सा वाया जातो. कागदाची मधमाशीच्या पोळ्यासारखी खरखरीत बाजू एवढ्या लहान चित्राला चालत नाही, दुसरी गुळगुळीत बाजू घ्यायची. कांडीला टोक करायचं नाही, ती मोडायची आणि मोडलेल्या कडेनं काम करायचं. मिसळायला बोटसुद्धा जाड पडतं, म्हणून वर्तमानपत्राची बारीक सुरळी वापरते. पंखा बंद ठेवावा लागतो. भुसावळच्या मे महिन्यात हे किती कठीण आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. उडालेली भुकटी फुंकायची नाही, कागद उभा धरून मागून टिचकी मारायची. ती नाकात जाणं बरं नाही.

तर ते चित्र. अमळनेरकडे आत्याचं शेत आहे. तिथून आणलेलं एक फुटलेलं बोंड मी टेबलावर ठेवलं आणि गडद तपकिरी कागदावर काढलं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटाला टोचतात, ती टोचणारी टोकंसुद्धा जमली होती. कापसाला फक्त पांढरी कांडी, तीही अगदी हलक्या हातानं, कागदाचा तपकिरी मधून मधून तसाच सोडून. सावलीला थोडा निळसर राखाडी. तीन रात्री लागल्या. चौथ्या रात्री अंगणात नेऊन हातभर अंतरावरून स्प्रेचे दोन हात दिले, डब्यावर लिहिलं होतं अगदी तसेच. वाळल्यावर कापूस राखाडी झाला होता. मला वाटलं दिव्याचा दोष असेल. सकाळी पाहिलं, तरी तसाच.

तरीही फ्रेम करून संक्रांतीला आत्याकडे नेलं. तिनं चित्र खिडकीपाशी धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ कापूस वला काबरं दिखी ऱ्हायना?" ज्या घरानं ओल्या कापसाला व्यापारी भाव कसा पाडतो हे दर वर्षी पाहिलंय, त्या घरात हे वाक्य साधं नसतं. मला फार लागलं. आत्याचं काही चुकलं नव्हतं, कापूस ओलाच दिसत होता.

परत आल्यावर विक्रेत्याशी भांडण सुरू केलं. तीन फोन, चार ईमेल, आधीचे आणि नंतरचे फोटो. पहिलं उत्तर आलं की ज्वलनशील माल परत घेत नाही. दुसरं, की दहा दिवसांची मुदत संपली. तिसऱ्यात मुलीनं सांगितलं, "मॅडम, थोडा फरक पडतोच." हा थोडा फरक डब्यावर छापा ना! डब्यावर 'रंग बदलत नाहीत' असं छापलंय. पैसे परत मिळाले नाहीत. रकमेपेक्षा मला डब्यावरच्या त्या तीन शब्दांचा राग आहे.

आता इथे माझं मत थोडं बदललं, तेही लिहायला हवं. राग शांत झाल्यावर मी एक चाचणी केली. काळ्या कागदाच्या पट्टीवर सेटमधल्या पांढऱ्याच्या सहा रेघा आणि वेगळ्या विकत घेतलेल्या टायटॅनियम पांढऱ्या कांडीच्या सहा रेघा ओढल्या. अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला आणि स्प्रे मारला. सेटचा पांढरा उघड्या भागात जवळजवळ नाहीसा झाला. टायटॅनियमचा मंदावला, पण टिकला.

कारण समजायला घराला चुना देतानाचं आठवा. पहिला हात ओला असताना भिंतीवर काही दिसत नाही, वाळला की पांढरा उठून येतो. कोरड्या पेस्टलमध्ये कणांच्या मध्ये हवा असते, प्रकाश कणांवर आपटून परत फिरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. स्प्रेमधली राळ त्या हवेच्या जागी बसते. सेटच्या पांढऱ्यात खडू भरलेला असतो. खडूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो तो आकडा, 1.6 च्या आसपास, राळेचा 1.5 च्या आसपास, म्हणजे प्रकाशाला दोन्ही जवळपास सारखेच. तो आरपार जातो आणि खालचा कागद वर दिसतो. चुन्यातलं पाणी तरी उडून जातं, राळ कायमची बसते. टायटॅनियमचा आकडा 2.5 च्याही वर, म्हणून तो तग धरतो. म्हणजे निम्मा दोष स्प्रेचा आणि निम्मा सेटमधल्या खडूभरल्या पांढऱ्याचा. चौसष्टात पांढरी कांडी एकच आणि तीही अशी, म्हणून सेटचाही एक स्टार कमी. बाकी रंग मात्र मऊ आणि भरदार आहेत, गेरू आणि हिरवे तर फारच.

टिकवण्यासाठी वरून काही फासायचं, ही सवय जुनी आहे. आमच्या जवळच्या अजिंठ्याला 1920 च्या दशकात निजामानं इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी भित्तिचित्रांवर शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, लावलं. पुढे ते पिवळं-काळपट पडलं आणि ते उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या माथी आलं. त्याच लेण्यांच्या नकला करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घालवणाऱ्या रॉबर्ट गिलची कबर इथे भुसावळला आहे. त्याच्या बऱ्याच नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. चित्र जपणं किती अवघड असतं, ते इथे राहून फार जवळून कळतं.

मग स्प्रे नाही तर काय? काच, आणि काच व चित्र यांच्यात अंतर. माझा सगळा भर आता याच्यावर आहे. फ्रेमवाले भाऊ म्हणाले, "ताई, काच टेकली की चित्र हलत नाही." मी त्यांना माझंच एक जुनं चित्र उघडायला लावलं. काचेच्या आतल्या बाजूला केळीच्या बागेचा अख्खा हिरवा छाप उमटला होता. तेव्हापासून ते माउंटबोर्डाच्या, म्हणजे फ्रेमच्या जाड पुठ्ठ्याच्या, 2 मिलीमीटरच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून फ्रेमच्या खाचेत लपवतात. 4 मिलीमीटर अंतर मिळतं आणि गळलेली भुकटी खाली पट्टीपाशी साठते, चित्रावर दिसत नाही. त्यांनी मध्ये अ‍ॅक्रिलिक शीट सुचवली होती, फुटत नाही म्हणून. ती घेऊ नका. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो ना, तशी ती भुकटी ओढते. एवढ्या लहान चित्राला काच कापताना उरलेला तुकडा पुरतो, आणि भाऊंनी आजवर अशा तुकड्यांचे पैसे लावलेले नाहीत.

पावसाळ्यात आणखी एक धडा मिळाला. बटर पेपरमध्ये गुंडाळून बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवलेल्या अकरा चित्रांपैकी चारांवर बुरशीचे पांढुरके ठिपके आले. कांडी बांधायला डिंक असतो, बुरशीला तो खाऊच. स्प्रे मारलेली दोन चित्रं त्या चारांतच होती, म्हणजे तोही भरवसा गेला. आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत. फ्रेमच्या मागेही रबराचे छोटे तुकडे लावते, म्हणजे ओल भिंतीवरून थेट येत नाही.

डबा टाकून दिलेला नाही, पैसे मोजलेत. फ्रेंच चित्रकार देगास थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह वापरायचा, तसं मी आता खालच्या गडद थरांवर मारते आणि त्यावर शेवटचा पांढरा कोरडाच ठेवते. याला तो बरा आहे, कागदाचा दाणा, म्हणजे रंग धरणारी खरखर, पुन्हा जागा होतो आणि वरचा रंग छान धरतो. उन्हाळ्यात तोटी चोंदून थेंब उडायला लागले होते. आता प्रत्येक वेळी डबा उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबते, मग चोंदत नाही. या कामापुरते दोन स्टार, जास्त नाही.

या महिन्यात कापसाचं चित्र नव्यानं काढलं, टायटॅनियमच्या कांडीनं, वरून काहीच न मारता. अमळनेरपर्यंत पॅसेंजरनं मांडीवर आडवं धरून नेलं. घरी उघडून पाहिलं तर पट्टीपाशी पांढऱ्या भुकटीची केसाएवढी रेघ होती, काच स्वच्छ. आत्यानं ते पुन्हा खिडकीपाशी धरलं. या वेळी काही बोलली नाही, ओट्यावरच्या ढिगातून एक बोंड आणलं आणि चित्राशेजारी धरून पाहत राहिली.