बबल इको: डाव्या हाताला सुई लावली तरच पैसे वसूल

हृदयाकडे येणाऱ्या शिरांची रचना वेगळी असल्याची शंका आली, तर बबल इको (शिरेत सलाइनचे बारीक बुडबुडे सोडून सोनोग्राफीने ते हृदयात कुठून येतात ते बघणं) ही सुटसुटीत आणि स्वस्त तपासणी. अडचण एवढीच, की सोयीचा म्हणून बहुतेक जण उजवा हात धरतात. तिथून सोडलेले बुडबुडे नेहमीच्या वरच्या महाशिरेतून सरळ उजव्या अलिंदात उतरतात आणि डावी महाशीर, म्हणजे डाव्या हाताचं रक्त हृदयाकडे आणणारी जादा शीर, असूनही निसटते. ही शीर गर्भात सगळ्यांनाच असते. हजारात तीन ते पाच जणांत ती विरत नाही.

डाव्या कोपराच्या शिरेत २० गेजची सुई. थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) दोन लॉकच्या, म्हणजे फिरवून घट्ट बसणाऱ्या, सिरिंज, त्यांत ९ मिली सलाइन आणि १ मिली हवा. दहा-पंधरा वेळा इकडून तिकडे घुसळायचं, द्रव गढूळ झाला की मोठे बुडबुडे काढून टाकायचे आणि झटक्यात सोडायचं. साध्या सिरिंजची तोंडं दाबाखाली सुटतात, तिथे काटकसर नको.

पडद्यावर क्रम बघायचा. आधी कॉरोनरी सायनस (हृदयाच्या मागची, उजव्या अलिंदात उघडणारी शीर) उजळला आणि मग उजवं अलिंद, तर डावी महाशीर आहे. बुडबुडे लगेच डाव्या अलिंदात दिसले, तर प्रकरण गंभीर: सलाइनच्या नळीतली हवासुद्धा मेंदूपर्यंत जाऊ शकते. नुसता फुगलेला सायनस पुरावा नव्हे. उजव्या अलिंदात दाब वाढला तरी तो फुगतो.

यकृताच्या बाजूला मात्र ही तपासणी तोकडी. खालच्या महाशिरेचा यकृतामागचा भाग तयारच झाला नसेल, तर पायांकडचं रक्त कण्यालगतच्या अझायगस शिरेतून वर चढतं आणि वरच्या महाशिरेला मिळतं आणि यकृताच्या शिरा स्वतंत्रपणे अलिंदात उघडतात. इकोत त्यांचा संगमच महाशीर म्हणून खपून जातो, म्हणून प्रोब खाली सरकवत ती मूत्रपिंडांपर्यंत सलग दिसते का ते पाहायला हवं. पायातून बुडबुडे सोडले तर ते वरून येतात! शेवटी सीटी लागतेच. तीही ६०-७० सेकंदांनाच थांबवली तर पायांकडचं, शिरा उजळवणारं औषध न मिसळलेलं रक्त गुठळीसारखं दिसतं. थोडं थांबून पुन्हा फोटो घेणारं केंद्र निवडा.

वरच्या शिरांसाठी पाचपैकी चार तारे, यकृतासाठी दोन. रिपोर्टसोबत व्हिडिओची सीडी मागून घ्या आणि कोणता हात वापरला ते त्यावर लिहून घ्या. पुढे डाव्या बाजूने पेसमेकर बसवायचा झाला, तर वायर सायनसमधून वळवून उजव्या निलयात न्यावी लागते, आणि डॉक्टरला ते आधी कळलेलं बरं.