ट्रेलरवरच्या शिडाच्या होडीचा अँटेना: डोलकाठीच्या टोकाला की मागच्या रेलिंगला?

व्हीएचएफच्या, म्हणजे होडीवरच्या नेहमीच्या रेडिओच्या बाबतीत अँटेनाच्या उंचीसारखं दुसरं काही नाही, हे खरंच आहे. पाण्यापासून ९ मीटरवरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज (त्याच्या लहरी जिथवर थेट पोचतात ते अंतर) साधारण १२ किलोमीटरवर असतं, २ मीटरवरच्याचं जेमतेम ६. म्हणून बहुतेक जण डोळे झाकून डोलकाठीचं टोक निवडतात. पण हे आकडे फक्त तुमच्या बाजूचे झाले. समोरच्याचं क्षितिज त्यात मिळवायचं असतं. किनाऱ्यावरच्या केंद्राचा अँटेना १०० मीटर उंचीवर असेल, तर त्याचे एकट्याचे ४१ किलोमीटर होतात. मग तुमच्या दोन पर्यायांतला फरक ५३ विरुद्ध ४७ एवढाच उरतो. लहान होडीवरून लहान होडीशी बोलायचं असेल, तेव्हा मात्र उंची चांगलीच जाणवते.

उंचीचे थोडे पैसे केबल परत मागते. आरजी-५८ ही पातळ केबल व्हीएचएफला दर १५ मीटरला सुमारे ३ डेसिबल खाते, म्हणजे सेटमधून निघालेल्या २५ वॅटपैकी वर निम्मेच पोचतात. जाड आरजी-२१३ हा तोटा निम्म्याहून कमी करते, पण दर मीटरला दीडशे ग्रॅम वजन डोलकाठीत चढवते आणि हलक्या होडीला ते मानवत नाही. मधला मार्ग आरजी-८एक्स. रेलिंगपर्यंत तिचे ५ मीटर पुरतात आणि तोटा एक डेसिबलच्या आत राहतो.

इथवर डोलकाठीचं पारडं थोडं जडच आहे. माझ्या बाबतीत ते फिरलं डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या कनेक्टरमुळे.

डोलकाठी कायम उभी असेल तर हा जोड एकदा नीट झाकला की विसरता येतो. ट्रेलरवरच्या होडीत डोलकाठी दर वेळी उतरवावी लागते, म्हणून तो प्रत्येक फेरीला सोडायचा आणि पुन्हा जोडायचा. तिथे वापरला जाणारा पीएल-२५९ हा स्क्रूचा कनेक्टर मुळात पाणी अडवणारा जोड नाही. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली तर दर वेळी कापून काढावी लागते, आणि नाही गुंडाळली तर खारं पाणी आत शिरतं. आधी मधली पिन हिरवी पडते. मग पाणी केबलच्या तारांच्या जाळीतून वातीत तेल चढावं तसं केबलमध्ये सरकतं आणि तांबं काळं पडतं. कनेक्टर बदलून भागत नाही, काळी पडलेली केबल कापत जावी लागते, आणि डोलकाठीतून आलेल्या केबलला कापायला फारशी लांबी नसते. डोलकाठी उभी करताना केबल बुडाखाली चिरडते, ते वेगळंच. शिवाय जोड लावायचा राहिला आणि कुणी बटण दाबलं, तर सेटमधल्या प्रसारणाची ताकद देणाऱ्या अंतिम टप्प्याला धोका.

रेलिंगवरची केबल कायम जोडलेली राहते. डोलकाठी पडली तरी रेडिओ चालतो, आणि मदतीसाठी हाक मारायची वेळ नेमकी तेव्हाच येऊ शकते. माझ्या मते हा मुद्दा काही किलोमीटरांपेक्षा मोठा आहे.

रेलिंगचेही त्रास आहेतच. अँटेना बॅकस्टेला (डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेला) खेटून लावला तर तारेमुळे त्याचा प्रसार बिघडतो, म्हणून तो कोपऱ्यात, तारेपासून जमेल तितका लांब न्या. २५ वॅटवर बोलताना माणसं एक मीटरभर दूर हवीत. सुकाणूवाला तिथेच बसतो, त्यामुळे एक मीटरची वाढीव नळी घालून अँटेना डोक्याच्या वर काढणं बरं. क्षितिजही थोडं लांबतं. ३ डेसिबल गेनचा (गेन म्हणजे अँटेना लहरी किती एकवटतो ते), साधारण एक मीटरचा स्टीलचा अर्धतरंग अँटेना घ्या. त्याला खाली धातूच्या पृष्ठभागाची, म्हणजे ‘ग्राउंड’ची गरज नसते. ६ डेसिबलच्या लांब काठीचा झोत चपटा असतो, होडी कलली की एका बाजूला तो पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. घडीचा माउंट घेतला तर ट्रेलरवर अँटेना आडवा करता येतो. डोलकाठीच्या टोकावरचा मात्र काढूनच ठेवावा लागतो, नाहीतर वाटेत फांदी त्याला गाठते.

डोलकाठी महिनोन्‌महिने उभीच राहणार असेल, किंवा बोलणं बहुतेक दूरच्या लहान होड्यांशीच असेल, तर टोकच घ्या. तेव्हा जोड डेकवर ठेवू नका. केबल ग्लँडमधून (डेकच्या भोकात केबलभोवती घट्ट बसणाऱ्या पाणीरोधक तुकड्यातून) आत घेऊन केबिनमध्ये जोडा, ग्लँडच्या बाहेर खाली झुकणारा वळसा ठेवा म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, आणि आत एक मीटर केबल जादा सोडा. दर हंगामाच्या सुरुवातीला एसडब्ल्यूआर मोजा, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते कळतं. तो १.५ च्या आत हवा. ३ च्या वर गेला तर आधी डोलकाठीच्या बुडाशी बघा.