टेक्ससच्या हिवाळ्यात लॉनला पाणी: पूर्ण बंद, महिन्यातून एकदा, की दर आठवड्याला?

नोव्हेंबरअखेर डॅलस-फोर्ट वर्थ भागात पहिला कडक गारठा पडला की बर्म्युडा, सेंट ऑगस्टिन, झोयशिया ही सगळी गवतं काही दिवसांत वाळक्या रंगाची होतात. पानं वाळली तरी बुडखे आणि मुळं जिवंत असतात. त्यांना पाणी अगदी थोडं लागतं, पण शून्य नाही. आता स्प्रिंकलरचा कंट्रोलर बंद करायचा, कधीमधी हाताने चालवायचा, की आठवड्याचं वेळापत्रक तसंच ठेवायचं?

पूर्ण बंद

इथे डिसेंबर-जानेवारीत सरासरी प्रत्येकी अडीच इंचांच्या पुढे-मागे पाऊस होतो. एवढा पडला तर मुरलेल्या बर्म्युडाला वरून एक थेंबही द्यावा लागत नाही. बर्म्युडा म्हणजे मुळात आपली हरळीच. शेतातली हरळी काढताना काशा वेचून लोक थकतात, त्याच जमिनीखालच्या काशा इथे लॉनला तारून नेतात.

अडचण येते कोरड्या हिवाळ्यात. महिनाभर पाऊस नाही, वर उत्तरेचा सुका वारा, अशा वेळी बुडखे सुकतात. गवत आधीच वाळकं दिसत असल्यामुळे नुकसान कळतं ते थेट एप्रिलमध्ये, बाकी लॉन हिरवं होतं आणि मधेच टकलं राहतात तेव्हा. उतार, उंचवटे, ड्राइव्हवेच्या कडा आणि दक्षिणेचं ऊन खाणाऱ्या पट्ट्या आधी जातात.

कोरडं गेलं तर महिन्यातून एकदा

बहुतेकांनी हेच करावं. कंट्रोलर 'ऑफ' ठेवायचा आणि तीन-चार आठवड्यांत मिळून अर्धा इंचही पाऊस झाला नाही, तर एकदा हाताने पाणी सोडायचं. मात्रा अर्धा ते एक इंच. 1,000 चौरस फुटांना एक इंच म्हणजे सुमारे 623 गॅलन. अख्ख्या हिवाळ्यात अशा दोन-तीन पाळ्या पुरतात.

पाणी लागतंय का, हे पाहायला सहा इंची स्क्रूड्रायव्हर पुरे. तो तळहाताच्या दाबाने चार-पाच इंच सहज गेला तर पाणी नको. दोन इंचांवर अडला तर द्या.

किती मिनिटं, ते नोझलवर ठरतं. स्प्रे हेड (जागच्या जागी फवारणारी) तासाला साधारण दीड इंच टाकतात, रोटर (फिरत फवारणारे) अर्ध्या इंचाच्या आसपास. म्हणजे अर्ध्या इंचासाठी स्प्रेला 20 मिनिटं, रोटरला तासभर. पण इथली काळी चिकण माती एवढं पाणी एका दमात पीत नाही, ते फुटपाथवर वाहून जातं. म्हणून स्प्रे सात-सात मिनिटं तीनदा आणि मधे तासाभराची विश्रांती. रोटर वीस-वीस मिनिटं तीनदा. अंदाजावर विसंबायचं नसेल तर ट्यूनाचे चार-पाच रिकामे डबे लॉनवर मांडा आणि साचलेलं पाणी पट्टीने मोजा.

वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, पारा 40 फॅरनहाइटच्या वर असताना, म्हणजे रात्रीपर्यंत पाणी मुरतं. मोठ्या थंडीचा इशारा आला आणि जमीन कोरडी असेल, तर एक-दोन दिवस आधी पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते. गोठण्याच्या रात्री मात्र अजिबात नको. फुटपाथवर बर्फाचा थर जमतो आणि कोणीतरी घसरतो.

दर आठवड्याला

सुप्त गवताला हे पाणी वापरताच येत नाही. ते चिकण मातीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि फावतं ते पोआ ॲन्युआ आणि हेनबिटसारख्या हिवाळी तणांचं. सेंट ऑगस्टिन आणि झोयशियात शरद आणि वसंतातल्या ओल्या, थंड रात्री लार्ज पॅच या बुरशीला आमंत्रण देतात, तेव्हा त्या काळात तर हात आणखी आखडता हवा.

पैशांची बाब वेगळीच. डॅलस, ऑस्टिनसह अनेक शहरांत घरगुती सांडपाण्याचं (सिवरचं) शुल्क हिवाळ्यातल्या पाणीवापराच्या सरासरीवरून ठरतं. लॉनला दिलेलं पाणी गटारात जात नाही, पण मीटरला ते कळत नाही. हिवाळ्यात स्प्रिंकलर आठवड्याला चालवला तर पुढचं वर्षभर सिवरचं बिल फुगलेलं येऊ शकतं. आपल्या शहराचे मोजणीचे महिने बघून घ्या आणि शक्य असल्यास पाण्याची पाळी त्याआधी उरका.

आठवड्याचं पाणी खरोखर लागतं ते दोघांनाच. एक, ऑक्टोबरनंतर अंथरलेली नवी सॉड, म्हणजे मातीसकट आणलेले तयार गवताचे पट्टे. तिची मुळं खाली गेलेली नसतात, म्हणून पाऊस नसेल तर पाव ते अर्धा इंच आठवड्याला द्या. दोन, ज्यांनी बर्म्युडावर रायग्रास, म्हणजे थंडीत हिरवं राहणारं गवत, पेरलंय ते. हिरवळ हवीच असेल तर ठीक, पण उगवेपर्यंत रोज दोन-तीनदा हलकं पाणी, मग हिवाळाभर पाणी आणि कापणी, शिवाय शरदातलं तणप्रतिबंधक औषध टाकता येत नाही, कारण ते रायचं बीही मारतं. वसंतात रायग्रास बर्म्युडाच्या वाट्याचं ऊन-पाणी खातं ते वेगळंच. साध्या घरगुती लॉनसाठी हा खटाटोप परवडत नाही.

गवत कोणतं, तेही पाहा

बर्म्युडा सगळ्यात काटक. झोयशियालाही जमिनीखालचे कोंब असतात, पण मेलेली जागा भरून यायला त्याला फार वेळ लागतो. सेंट ऑगस्टिनचं सगळं भांडवल जमिनीवर पसरणाऱ्या खोडांत, खाली काशा नाहीत. त्यामुळे कोरडा वारा आणि थंडी दोन्ही त्यालाच आधी लागतात. 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलस-फोर्ट वर्थला पारा उणे 2 फॅरनहाइटवर गेला, तेव्हा सेंट ऑगस्टिनला मोठा फटका बसला. तुमच्याकडे ते असेल, त्यातही थंडीला कच्ची फ्लोराटॅम जात असेल, तर चार आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा.

घराच्या पायाभोवतीचा सोकर होज (पाणी झिरपवणारा पाइप) हा वेगळा हिशोब आहे. चिकण माती आक्रसू नये म्हणून तो लागतो. लॉन बंद केलं म्हणून तोही बंद करू नका.

जमिनीच्या वर असलेला बॅकफ्लो प्रिव्हेंटर (स्प्रिंकलरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्हचा संच) हिवाळ्यात सगळ्यात आधी फुटतो. गोठण्याआधी लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, त्यावरचे टेस्ट कॉक (चाचणीचे छोटे नळ) उघडून पाणी काढा, आणि बॉल व्हॉल्व्हचे दांडे 45 अंशांत अर्धे उघडे ठेवा, म्हणजे चेंडूच्या पोकळीत पाणी अडकत नाही. मार्चमध्ये पाणी पुन्हा सोडताना मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडा, आणि वेळापत्रक लावण्यापूर्वी प्रत्येक झोन दोन मिनिटं चालवून फुटकी हेड्स शोधा.