रशियन कोअरर: दलदलीत पाच तारे, तळ्यात दोन

रापा नुई (ईस्टर आयलंड) हे पॅसिफिक महासागरातलं जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचं बेट. तिथली ताडाची जंगलं कधी गेली, याचा पुरावा रानो आरोई, रानो राराकू आणि रानो काऊ या तीन विवरांतल्या गाळात, परागकणांच्या रूपात पडलेला आहे. रशियन कोअरर हे तो थर न बिघडवता वर काढायचं हत्यार.

रचना साधी. ५० सेंमी लांब, ५ सेंमी व्यासाचं अर्धगोल पोलादी पन्हळं, त्याची एक कड धारदार. समोर बिजागरीवर फिरणारं सपाट पातं, खाली टोक, वर एकेक मीटरचे रॉड. पन्हळं बंद ठेवून खोलीपर्यंत दाबायचं आणि मूठ १८० अंश फिरवायची. पातं गाळात अडून जागच्या जागी राहतं, पन्हळं भोवती फिरून गाळ कापतं आणि पात्यावर टेकून बंद होतं. एका फेरीत सुमारे ४९० घन सेंमी गाळ मिळतो. परागकणांना १ घन सेंमी पुरतो. उरलेला कोळशाचे कण आणि बिया शोधायला.

टोक खालचा थर ढवळतं, म्हणून एकाच भोकातून सलग काढू नये. हातभर अंतरावर दोन भोकं घेऊन आलटून पालटून, १० सेंमी सामाईक ठेवून काढावं. दाबताना मूठ चुकून फिरली तर वरचाच चिखल आत भरतो आणि ते वर आल्याशिवाय कळत नाही. बिजागरीत चिकणमाती अडकली तर पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. तेल किंवा ग्रीस मुळीच नको: वय ज्यावरून मोजतात तो कार्बन-१४ खनिज तेलात उरलेलाच नसतो, नमुन्याचं वय उगाच वाढतं.

रानो आरोईच्या पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थरात) काम लोण्यासारखं. रानो काऊमध्ये मात्र तोतोरा लव्हाळ्याची जाड चटई पाण्यावर तरंगते. टोक तिची ताजी मुळं खाली ढकलतं आणि खालच्या पातळ गाळात पात्याला आधारच मिळत नाही. तिथे केसिंग पाइप (भोकात बसवायची बाहेरची नळी) आणि पिस्टन कोअरर (आत दट्ट्या असलेली, पातळ गाळ धरून ठेवणारी नळी) लागतो. दगड लागला तर जोर करू नये, धारेला खाच पडते.

खरी गोची पुढे आहे. कोअर (वर काढलेला गाळाचा नमुना) कितीही स्वच्छ निघाला तरी अख्ख्या गाळाचं वय काढलं तर आकडे उलटेपालटे येतात: उतारावरून वाहून आलेली जुनी माती वय वाढवते, खोल गेलेली मुळं घटवतात. वेचलेल्या तोतोराच्या बिया त्यापेक्षा भरवशाच्या. आणि ताडाचे परागकण घटले एवढंच कोअर सांगतो. आग, कुऱ्हाड की पॉलिनेशियन उंदीर, हे ठरवायला कोळसा लागतो आणि उंदरांनी कुरतडलेल्या ताडफळांच्या करवंट्याही. या करवंट्या पाच सेंमीच्या पन्हळ्यात सापडायची आशा धरू नये. त्यासाठी गुहांत आणि जुन्या वस्त्यांत रीतसर उत्खननच करावं लागतं.