दवा बाजारातलं हे मेडिकल: चार स्टार, बिलिंगवाल्याला शून्य

मे महिन्यात आईला लघवीचं इन्फेक्शन झालं, कल्चरमध्ये (लघवीतल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं ते बघायची टेस्ट) नेहमीच्या सगळ्या अँटिबायोटिक रेझिस्टंट आल्या, म्हणजे चालणार नाहीत अशा, मग डॉक्टरांनी इमिपेनेम-सायलास्टॅटिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन लिहून दिलं, दर सहा तासांनी एक बाटली, आणि हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नेमका स्टॉक संपलेला. काढली स्कूटर, गाठला दवा बाजार. पहिल्या दुकानातला पोऱ्या म्हणे मेरोपेनेम घेऊन जा भिया, एकच आहे. तिथून सटकलो आणि इथे आलो.

इथे काउंटरवर जे काका बसतात ना, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. बाटलीवर 500 मिग्रॅ अधिक 500 मिग्रॅ लिहिलेलं, मी विचारलं हे दुसरं, सायलास्टॅटिन, ऑगमेंटिन गोळीतल्या क्लॅव्ह्युलॅनेटसारखंच ना? काका हसले. "अरे नाही, तो जंतूंचं एन्झाइम अडवतो. इथे चोर घरातलाच आहे, आपल्याच किडनीतलं एन्झाइम इमिपेनेमला तोडून टाकतं. सायलास्टॅटिन स्वतः एकही जंतू मारत नाही, फक्त त्या एन्झाइमचा हात धरून ठेवतं." आता बघा, आईचं इन्फेक्शनच लघवीचं, औषध किडनीतच तुटलं तर तिथवर पोचणार किती! जोडीने दिलं की जवळपास 70 टक्के इमिपेनेम लघवीत जसंच्या तसं उतरतं म्हणे. मी मनात धरून बसलो होतो की अर्धी बाटली भाव वाढवायला भरलेली असते 😅

मेरोपेनेमचंही सांगितलं, त्याची घडणच अशी की किडनीतलं एन्झाइम त्याला फारसं काही करू शकत नाही, म्हणून त्याला जोडीदार लागत नाही, "पण म्हणून काउंटरवर औषध बदलायचं नसतं, डॉक्टरांना फोन लाव." वर स्वतःहून विचारलं आईंचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती, फिट येतात का, फिटवरची व्हॅल्प्रोएटची गोळी चालू आहे का. ह्या औषधाने रक्तातलं व्हॅल्प्रोएट एकदम खाली येतं, ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती. आईला ती गोळी नाही, पण विचारलं हेच खूप. आणि हो, कालवल्यावर पिवळट दिसलं तर घाबरू नको, तपकिरी झालं तर नर्सला दाखव, टोचू देऊ नको.

आता कुरकुर. बिलिंगवाला बॅच नंबर एका बोटाने टाइप करतो, 12 बाटल्यांना वीस मिनिटं, तिकडे आईच्या डोसची वेळ होत आलेली. पार्किंगचं तर बोलूच नका.

शेवटी तीन बाटल्या उरल्या. काकांनी सील बघितलं, कुठे ठेवल्या होत्या विचारलं, एसी रूममध्ये म्हटल्यावर परत घेतल्या, पण रोख नाही, क्रेडिट नोट दिली. सध्या त्यातनंच आईच्या बीपीच्या गोळ्या आणतोय.